छत्रीकाकांची जोडी

सभागृहात कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. ज्या भागानं निवडून दिलं त्या भागाच्या नावानंच माणूस ओळखला जायचा, म्हणून तिला सगळे ‘नदीकाठ’ म्हणत. सुरुवातीला तिला त्याची गंमत वाटायची. घरी आईसुद्धा चिडवायची, “अगं ए नदीकाठ, तुझं पोर रडतंय तिकडे.” पुढे सवय झाली. नदीकाठावर धुलाईचे कारखाने होते. दवाखान्यांच्या चादरी, खानावळींची टेबलावरची कापडं, कचेऱ्यांचे पडदे तिथे धुतले जायचे, आणि तिच्या आईची उमर त्यातल्याच एका कारखान्यात चादरी पिळण्यात गेली होती.

तिचा मुलगा नुकताच बसायला लागला होता. अजून अंगावर पीत होता, मधूनमधून बाटली. तिला त्याला घेऊनच यावं लागे, आणि बाळाला सभागृहात न्यायची परवानगी नव्हती. मग लांब बोळाच्या टोकाला, मोडक्या खुर्च्या टाकायची जी खोली होती, तिच्यातल्या निम्म्या खुर्च्या हलवून तिला जागा करून दिली. उरलेल्या निम्म्या खुर्च्या एकमेकींच्या अंगावर पाय टाकून भिंतीशी पडलेल्या असत. भिंतीत वरच्या बाजूला एक जुना स्पीकर होता. आत चाललेली भाषणं त्यातून ऐकू यायची. रोज आई त्या खोलीत बाळाला घेऊन बसे, दारात स्टुलावर शिपाईबाई लोकर विणत बसलेली असे, आणि दोघी मिळून अर्थमंत्र्यांच्या आवाजाची नक्कल करत.

ज्या दिवशी कराच्या विधेयकावर मतदान होतं नेमकी त्याच दिवशी आईची पाठ धरली. बिछान्यात कूस बदलता येईना. नवरा बंदरावर क्रेन चालवायचा, त्याची पाळी पहाटेच सुरू झालेली. आणि बाळाला दात येत होते, अंग तापलं होतं. कुणाकडे दिलं की ताठ व्हायचं आणि किंचाळायचं.

विधेयक दोन ओळींत सांगण्यासारखं होतं. साबण, चपला, औषधं यांच्यावरचा कर काढायचा, आणि ज्यांच्याकडे एकाहून जास्त घरं आहेत किंवा फारच मोठं घर आहे त्यांच्यावर नवा कर बसवायचा. दोन ओळींचं, पण त्याच्यावर महिनाभर भांडणं चालली होती. साबणाची ओळ तिच्या हट्टामुळे आत आली होती. निवडणुकीत ती दारोदार गेली तेव्हा बायकांनी तिला दुसरं काही मागितलं नव्हतं. धुलाईतल्या बायका साबणाची लांब वडी दोऱ्यानं कापून वाटून घेत, आणि उरलेल्या चिपा ओल्या फडक्यात दाबून त्यांचा पुन्हा गोळा करत. तिच्या लहानपणी तिला वाटायचं, साबण असाच असतो, रंगीबेरंगी थरांचा.

सकाळी ती बोळात बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. मतदान कधी पुकारतील याचा नेम नव्हता. दुपार होईल, संध्याकाळही होईल. आणि बाळ रडायचं थांबत नव्हतं. तेवढ्यात छत्रीकाका आले.

काका समोरच्या बाजूचे. सभागृहात त्यांचं नाव ‘टेकडी’. टेकडीवर शहरातली सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी घरं होती, आणि त्यातल्या मोठ्यातलं एक त्यांचं होतं. हातात कायम काळी छत्री. ती उघडलेली कुणी पाहिली नव्हती. पाऊस असला तर काका गाडीतून यायचे आणि ऊन असलं तरी गाडीतूनच. कुणी विचारलं तर म्हणायचे, “हातात काही धरलेलं नसलं की मी भाषण करायला लागतो.”

“ताप?” त्यांनी विचारलं.

“दात येताहेत. आईची पाठ धरलीय. मला आत जाता येईल असं वाटत नाही, काका.”

“मग नको जाऊस. मी पण बाहेर बसतो. लावू आपली जोडी.”

सभागृहात अशी एक रीत होती. कुठल्या नियमांत ती लिहिलेली नव्हती. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी अडचण आली, की समोरच्या बाजूचा एकजण आपणहून बाहेर राहायचा. म्हणजे इकडचं एक मत गेलं तसं तिकडचंही गेलं, पारडं हलायचं नाही. याला जोडी म्हणत. जोडी लावायला तोंडचा शब्द पुरे. मोडायची असेल तर मतदानाची घंटा व्हायच्या आत समोरच्याला तोंडावर सांगायचं, एवढंच. काकांनी उभ्या आयुष्यात कितीजणांसाठी जोडी लावली असेल, त्यांनाही आठवत नसेल.

“काका, आज तुमची माणसं चिडतील.”

“चिडू देत. लेकराला ताप आलाय म्हणून कर माफ झाला किंवा लागला, असं मला नको.” त्यांनी तिथूनच तिच्या पक्षाच्या प्रतोदताईंना हाक मारली. कोण हजर, कोण गैरहजर, कोण कुठं मत देणार याची मोट बांधायचं काम प्रतोदताईंचं. “ताई, टेकडी आणि नदीकाठ आज जोडीनं बाहेर. चालेल?” प्रतोदताईंनी मनातल्या मनात हिशेब केला. दोन मतं जास्त होती त्यांच्या बाजूला, जोडी लागली तरी ती राहणार होती. त्यांनी मान हलवली.

तिला वाटलं, काका जोडी लावून घरी जातील. पण ते तिच्या मागोमाग खोलीत आले, एक त्यातल्या त्यात धड खुर्ची शोधली, छत्री तिच्या पाठीला अडकवली आणि बसले. “घरी जाऊन काय करू? इथं फुकट भाषणं ऐकायला मिळतात.”

बाळानं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहून ओठ काढला. मग छत्रीच्या वाकड्या मुठीकडे त्याचं लक्ष गेलं. ती त्यानं दोन्ही हातांनी धरली आणि हिरड्यांत घातली.

“धुतलेली आहे का?” दारातून शिपाईबाईंनी विचारलं.

“साबण महाग आहे,” काका म्हणाले. शिपाईबाई टाके मोजायचं सोडून हसल्या.

स्पीकरमधून भाषणं सुरू झाली होती. समोरच्या बाजूचा एकजण सांगत होता की साबणावरचा कर हाच खरा समान कर आहे, श्रीमंत भरतो तोच गरीबही भरतो. उलट गरीब साबण कमी वापरतो, म्हणजे कर कमीच भरतो. मागून कुणाचा तरी आवाज आला, “तुमचे शर्ट धुतो तेव्हा जास्त वापरतो.” बाकं वाजली. बाळानं मूठ तोंडातून काढून वर भिंतीकडे पाहिलं.

“हे बोलणं आमच्या बाजूनं चुकीचं झालं,” काका म्हणाले. “मी असतो तर घरांचं बोललो असतो. साबणाचं बोलायचंच नाही.”

“घरांचं काय बोलला असता?”

“बोललो असतो की ते घर माझ्या वडिलांनी बांधलं. बांधताना कर भरला, त्यांच्या नंतर माझ्या नावावर झालं तेव्हा कर भरला. आता ते नुसतं उभं आहे म्हणून दर वर्षी भरू? घर काही कमावत नाही, पोरी. ते नुसतं गळतं.”

“खोल्या किती आहेत, काका?”

काकांनी विचार केला. “वरच्या मजल्यावरच्या धरून?”

ती हसली, मग तिला हसल्याची लाज वाटली, कारण ते खरंच मोजत होते. मोजता मोजता त्यांनी नाद सोडला. मग म्हणाले, “आणि साबण काय भावाला मिळतो गं?”

तिनं सांगितलं. त्यात कर किती तेही सांगितलं.

“मी जन्मात साबण विकत घेतलेला नाही,” ते हळूच म्हणाले. “तो असतोच तिथे. संपलेला कधी पाहिला नाही.” मग ते म्हणाले, “तरी मी विरोधातच मत दिलं असतं बरं का. उगाच गैरसमज नको.”

“माहीत आहे.”

“मग ठीक.”

दुपारी बाळाचा ताप उतरला. अंगाला घाम सुटला, मानेवरचे केस ओले होऊन वळले. तिनं ते फडक्यानं टिपले, अंगडं बदललं. बदलताना काकांनी विचारलं, “मी घेऊ का जरा?” आणि बाळ, जे सकाळपासून कुणाकडे गेलं नव्हतं, त्यांच्याकडे गेलं. त्यांच्या कोटाच्या खिशात हात घालून, पेनाचं टोपण चाचपत, खांद्यावर गाल टेकून ते बघता बघता झोपलं. झोपेत त्याचा खालचा ओठ दूध प्यायल्यासारखा आत-बाहेर होत होता. काका श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

“अध्यक्षमहाराज झोपले,” ते पुटपुटले. “कामकाज तहकूब.”

ते बाळाला ‘अध्यक्षमहाराज’ म्हणत. कारण विचारलं तर म्हणाले, यानं तोंड उघडलं की बाकी सगळे गप्प बसतात, आमच्या अध्यक्षांना ते अजून जमलेलं नाही.

तेवढ्यात दारात प्रतोदताई दिसल्या. त्यांनी आत न येता बोटानं तिला बाहेर बोलावलं.

बोळात प्रतोदताईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. “बाजारपेठ गेला,” त्या म्हणाल्या.

“कुठं गेला?”

“समोर. सकाळपासून माझ्या पैशाचा चहा पितोय मेला, आणि आत्ता सांगतो, मी विरोधात. सासऱ्याची टेकडीवर घरं आहेत म्हणे. लग्न काय काल झालं याचं?”

“मग?”

“मग बरोबरी. आणि बरोबरी झाली की अध्यक्ष जे आहे ते तसंच ठेवतात, तुला माहीत आहे. साबणाचा कर राहील, घरांचा येणार नाही, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत आपण हात चोळत बसू. पुढच्या निवडणुकीत आपण असू की नसू.”

ती काय म्हणणार हे प्रतोदताईंना माहीत होतं, तरी त्या थांबल्या.

“माझी जोडी आहे, ताई.”

“सकाळी मीच मान हलवली ना.”

“मी काकांना सांगते. घंटा व्हायची आहे अजून. सोडवते जोडी.”

“सांग की. मग ते उठून आत येतील आणि विरोधात मत देतील. तुझं एक, त्यांचं एक. फिरून तिथंच.” प्रतोदताईंनी दाराच्या फटीतून आत पाहिलं. “काय करताहेत ते?”

“बाळ त्यांच्या अंगावर झोपलंय.”

 प्रतोदताईंनी तिच्या खांद्यावरचं बाळाचं फडकं ओढून सारखं केलं, आईनं करावं तसं. “मी तुला काही सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “मी दोन पोरी वाढवल्या, मला कुणी जोडी दिली नाही. पण मी तुला काही सांगत नाही. घंटा होईल आता. तू नदीकाठची आहेस, एवढंच.” आणि त्या टाचा वाजवत निघून गेल्या.

ती बोळात उभी राहिली. आईचे हात तिच्या डोळ्यांपुढे आले नाहीत, यायला हवे होते. त्याऐवजी तिच्या मनात फक्त एवढंच आलं, की काकांना उठता येणार नाही. हा विचार तिला आपोआप आला. मागाहून तिला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटली. बाळ झोपलंय, त्यांना उठता येणार नाही, हे तिनं आधी मोजलं आणि बाकीचं नंतर.

ती आत गेली. खिडकीत दुधाची बाटली होती, ती उचलली.

“बाटली गरम करून आणते,” ती म्हणाली.

काकांनी मान न हलवता, नुसत्या डोळ्यांनी होकार दिला. “ये. घाई करू नकोस. आम्ही इथंच आहोत.”

घंटा ती सभागृहाच्या दारात असताना झाली.

बाटली कुठं ठेवावी हे तिला कळेना. बाकावर ठेवली तर सगळ्यांना दिसेल, खाली ठेवली तर कलंडेल. शेवटी ती हातातच राहिली. तिच्या बाजूच्या लोकांनी तिला पाहिलं आणि बाकं वाजवली. समोरच्या बाजूला आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक मान वळली, दुसरी वळली. “भूक लागली वाटतं सन्माननीय सदस्यांना,” कुणीतरी म्हणालं, आणि थोडे हसले. बाकीचे हसले नाहीत, ते दाराकडे बघत होते.

नावं पुकारायला सुरुवात झाली. आधी ठराव मांडणाऱ्यांची बाजू, मग समोरची. शेवटचं नाव पुकारेपर्यंत दार उघडं असायचं.

“नदीकाठ.”

तिनं उभं राहून “बाजूनं” म्हटलं. जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं. समोरच्या माइकवरून तो आवाज छताला जाऊन परत आला.

मग समोरची बाजू सुरू झाली. एकेक नाव, एकेक “विरोधात”. समोर जाऊन बसलेल्या बाजारपेठेनं मान खाली घालून “विरोधात” म्हटलं. तिला त्याच्याकडे रागानं बघायचं होतं, पण तिच्याच्यानं बघवलं नाही.

“टेकडी.”

कारकुनानं वर पाहिलं. “टेकडी.”

सगळं सभागृह दाराकडे वळलं, तीही वळली. खोली हाकेच्या अंतरावर होती. स्पीकर चालू होता. काकांना सगळं ऐकू गेलं असणार. ते येऊ नयेत म्हणून ती आत आली होती, आणि आता त्यांनी यावं, छत्री आपटत यावं, सगळ्यांदेखत तिला खोटारडी म्हणावं, असं तिला इतकं वाटलं की तळहातातली बाटली घामानं निसटायला लागली. दारात कुणी आलं नाही.

कारकुनानं पुढचं नाव घेतलं.

मग समोरून ओरडा झाला. “जोडी होती. टेकडीची नदीकाठशी जोडी होती.” अध्यक्षांनी हात वर केला, सगळे गप्प व्हायची वाट पाहिली आणि म्हणाले, “जोडी ही दोन सदस्यांची आपसातली गोष्ट आहे. सभागृहाला ती माहीत नाही.” आवाज कोरडा होता. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. विधेयक एका मतानं मंजूर झालं. प्रतोदताईंनी येऊन तिला मिठी मारली, आणि मिठीतून सुटताना दोघींनी एकमेकींची नजर चुकवली.

बोळ कधी इतका लांब वाटला नव्हता तिला.

खोलीत छत्री उघडलेली होती. जमिनीवर, उलटी, काळ्या होडीसारखी, आणि तिच्या मधोमध बाळ बसलं होतं. छत्री मिटून बांधायचा बंद तोंडात घालून. काका शेजारी जमिनीवर बसले होते. त्यांच्या गुडघ्यांचं काय झालं असेल, असं तिच्या मनात आलं. बाळानं तिला पाहून दोन्ही हात वर केले.

स्पीकरमधून अजून गलका येत होता. शिपाईबाई विणकामाकडे बघत होत्या.

काकांनी हात पुढे केला. तिला आधी कळलं नाही. मग तिनं बाटली दिली. त्यांनी ती गालाला लावली, आजोबा लावतात तशी.

“गारच आहे,” ते म्हणाले.

“काका...”

“गरम करून आण. त्याला भूक लागलीय.”

ती गेली. चहाच्या खोलीत पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करून ती वाट बघत राहिली. तिथं दोघंजण विधेयकाबद्दल बोलत होते, ते तिला पाहून थांबले. परत आली तेव्हा काका उठून उभे होते, कोट झटकत.

“अंगावर झोपला होता,” ते म्हणाले. “त्यामुळे हलता आलं नाही मला. आत्ता उठलाय एवढ्यात.” मग म्हणाले, “साबण स्वस्त होईल आता. बरं होईल बायकांचं.” त्यांनी छत्री उचलायला हात घातला, तर बाळानं बंद सोडला नाही, उलट ओठ काढला. “राहू दे त्याला. घेईन नंतर.” आणि ते रिकाम्या हातानं बोळातून गेले. रिकाम्या हातानं चालताना ते वेगळेच दिसत होते, कुणीतरी दुसरंच म्हातारं माणूस.

संध्याकाळी शिपाईबाई सामान घेऊन तिच्यासोबत पायऱ्या उतरल्या. त्यांना वाटलं असावं की चांगलं काहीतरी बोलावं.

“तुमचा लेक फार हुशार बाई. तुमचं नाव पुकारलं ना, तुम्ही बोललात, त्या आवाजानं खाडकन उठला की. झोपेतनं. भिंतीकडे हात करायला लागला. काका म्हणाले, बघ, आई बोलतेय. त्याला कडेवर घेऊन वरपर्यंत नेलं, स्पीकरला हात लावू दिला. मग तो रडायला लागला, तुम्ही दिसेनात म्हणून. तेव्हा छत्री उघडली. मी म्हटलं, काका, माझ्याकडे द्या, तुम्ही जा, तुमचं नाव यायचंय अजून. तर म्हणाले, असू दे, त्याला आत्ता या हातातून त्या हातात नको.”

तिनं जिन्याचा कठडा धरला. बाळ तिच्या खांद्यावरून मागं बघत, शिपाईबाईंना बोटं हलवून दाखवत होतं.

घरी आई बिछान्यातच होती, पण चेहरा उजळला होता. गल्लीतल्या बायका येऊन गेल्या होत्या. एकीनं साबणाची कोरी वडी आणून उशाशी ठेवली होती, कागदासकट. “तुझ्या एका मतानं झालं म्हणे,” आई म्हणाली. “आणि ढब्बूला कुणाकडे ठेवलं होतंस?”

“एक काका आहेत तिथे.”

“कुणाकडे जात नाही तो हल्ली. चांगला माणूस असणार. बोलव की एकदा जेवायला.”

“बघू,” ती म्हणाली, आणि बाळाचे कपडे भिजत घालायला मोरीत गेली. तिनं नळ मोठा सोडला. साबणाचा फेस हातावर चढत गेला. तो हात तिला किती वेळ धुवावासा वाटत राहिला, हे तिला आईनं “अगं, पाणी” म्हणून ओरडल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं छत्री नेऊन दिली. नीट मिटून, बंद पुसून. काय बोलायचं हे तिनं बसमध्ये ठरवलं होतं, आणि त्यातला एकही शब्द तोंडातून निघाला नाही. “काका, छत्री,” एवढंच ती म्हणाली.

“आभारी आहे,” काका म्हणाले. “तुम्ही कशाला त्रास घेतलात.”

तुम्ही. त्यात राग नव्हता. ते सगळ्यांशी बोलत तसं, अदबीनं बोलले. सकाळी बोळात ते तिला बघून थांबत, दार उघडून धरत, बाळाची चौकशी करत. पण ‘पोरी’ काही पुन्हा आलं नाही, आणि त्या खोलीत ते पुन्हा येऊन बसले नाहीत.

त्यानंतर जोड्या बंदच पडल्या. कुणी तसं जाहीर केलं नाही. समोरच्या बाजूच्या एकाच्या बायकोचं बाळंतपण होतं, तो मतदानासाठी दवाखान्यातून धावत आला, कुणाकडे शब्द मागायला गेला नाही. तिच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या सदस्याला चाकाच्या खुर्चीतून आणावं लागलं. त्याला दारातून आत घेताना खुर्ची उंबऱ्याला अडली. सगळे बघत होते, तिच्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं. ते तिला कळत होतं. नदीकाठावर साबण खरंच स्वस्त झाला. बायका तिला रस्त्यात थांबवून सांगत. ती हसून “बरं झालं” म्हणे आणि पुढं जाई, घाईत असल्यासारखी.

थंडी सरताना एकदा शिपाईबाईंनी सांगितलं, “काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आज. येणार नाहीत.”

“जोडी कुणाशी लावली?”

“कुणाशी लावणार आता?” शिपाईबाई म्हणाल्या, आणि जीभ चावली.

त्या दिवशी रस्त्यांवरच्या दिव्यांच्या खर्चाचं मतदान होतं. ती प्रतोदताईंकडे गेली. “मी आज बाहेर बसते. टेकडीच्या जोडीला.”

प्रतोदताईंनी चष्मा काढला. “त्यांनी मागितली?”

“नाही. त्यांना माहीतही नाही.”

“अगं, दिव्यांच्या बाबतीत दोन्ही बाजू एक आहेत. तू आत बसलीस काय आणि बाहेर बसलीस काय, काडीचा फरक पडत नाही.”

“म्हणूनच बसता येतंय, ताई,” ती म्हणाली. प्रतोदताईंनी चष्मा पुन्हा घातला आणि कागदांत डोकं घातलं.

आई खोलीत पाय लांब करून डुलकी घेत होती. बाळ आता खुर्च्यांच्या पायांना धरून उभं राहत होतं. ती जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, नेमकी स्पीकरच्या खाली. घंटा झाली. नावं सुरू झाली.

“नदीकाठ.”

बाळाच्या हातातून डबा पडला. त्यानं मान वर केली आणि भिंतीकडे बघितलं, तोंड थोडं उघडं ठेवून, लाळ गळू देत.

“नदीकाठ.”

भिंतीतून काही आलं नाही. बाळानं बोट वर केलं, तसंच धरून वाट पाहिली. मग खुर्ची सोडून ते बुडावर आपटलं, रांगत तिच्यापाशी आलं, आणि तिच्या ओठांवर ओला तळहात मारू लागलं. एकदा, पुन्हा एकदा. तिथून आवाज येतो हे त्याला माहीत होतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

पुढची नावं एकामागून एक येत राहिली. बऱ्याच वेळानं “टेकडी” आलं, दोनदा पुकारलं, आणि तेही तसंच गेलं.